जन्मवजनाच्या हिशेबात दोन जनुकसंच

वजा ५३३ ग्रॅम आणि अधिक ६०१ ग्रॅम. बाळाचं जन्मवजन जनुकांमुळे किती बदलू शकतं, या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर क्वचितच मिळतं. इंग्लंडमधल्या एक्सेटरचे डॉ. अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे आकडे ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये मांडले. दोन्ही आकडे एकाच जनुकाचे आहेत. त्याचं नाव जीसीके. या जनुकातला बिघाड बाळाला मिळाला असेल, तर ते सरासरी ५३३ ग्रॅमनी हलकं जन्मतं. तोच बिघाड आईत असेल, तर बाळ सरासरी ६०१ ग्रॅमनी जड होतं. आणि दोघांतही असेल तर? बेरीज-वजाबाकी होऊन वजन जवळपास इतर बाळांइतकंच भरतं.

हे कसं होतं ते जरा बारकाईनं पाहू, कारण पुढचा सगळा विषय या एका उदाहरणात आहे. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींमध्ये ग्लुकोकायनेज नावाचं विकर असतं. रक्तात साखर किती आहे, हे त्या पेशींना या विकरामुळे कळतं. ते बनवण्याची कृती जीसीके जनुकात असते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असेल, तर पेशींना साखर उशिरा जाणवते. अशा माणसाची उपाशीपोटीची साखर जन्मापासून थोडी चढी राहते, साधारण १०० ते १४५ मिलिग्रॅमच्या घरात. त्रास काही होत नाही, बहुतेकांना औषधही लागत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत हजारामागे साधारण एकाला हा बिघाड असतो आणि पुष्कळांना तो आयुष्यभर कळतही नाही.

गरोदरपणात मात्र त्याचा परिणाम दिसतो. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. म्हणजे साखर आईची आणि ती वापरायचं इन्शुलिन बाळाचं स्वतःचं. गर्भात इन्शुलिनचं काम साखर आटोक्यात ठेवण्यापुरतं नसतं. वाढीचं, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत अंग भरण्याचं, ते एक मुख्य संप्रेरक आहे. आईची साखर चढी असेल, तर बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं आणि बाळ मोठं होतं. आईची साखर नेहमीसारखी आणि बिघाड फक्त बाळात असेल, तर बाळाच्या स्वादुपिंडाला ती साखर कमीच वाटते. इन्शुलिन कमी सुटतं, वाढ कमी होते. दोघांतही बिघाड असेल, तर आईची चढी साखर बाळाच्या पेशींना योग्य वाटते.

याच अभ्यासात भावंडांच्या २१ जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत एका भावंडाला बिघाड मिळालेला, दुसऱ्याला नाही. २१ पैकी १९ जोड्यांत बिघाड असलेलं भावंड जन्मतः हलकं होतं. सरासरी फरक ५२१ ग्रॅम. आईवडील तेच, घर तेच, स्वयंपाकही तोच. आईच्या खाण्यापिण्यातल्या, घरच्या परिस्थितीतल्या फरकानं इतका सरळ नमुना उमटणार नाही. जनुकाचा हात इतका स्पष्ट दाखवणारा पुरावा मानवी अभ्यासांत दुर्मीळ असतो.

दवाखान्यात यातून खरोखरीचा पेच उभा राहतो. गरोदरपणात साखर चढी आढळली, की गर्भावधीतला मधुमेह समजून आहार आणि गरज पडल्यास इन्शुलिन सुरू होतं. बहुतेक मातांना त्याची गरजच असते. पण आईत जीसीकेचा बिघाड असेल आणि बाळालाही तो मिळाला असेल, तर आईची साखर खाली आणणं म्हणजे बाळाची वाढ खुंटवणं. बिघाड बाळाकडे जाण्याची शक्यता पन्नास टक्के. म्हणून या मातांच्या बाबतीत सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर पाहायचा आणि तो प्रमाणाबाहेर वाढत असेल तरच साखरेवर उपचार करायचे, अशी पद्धत पडली. आता आईच्या रक्तात तरंगणाऱ्या गर्भाच्या डीएनएवरून बाळाला बिघाड मिळाला आहे की नाही, हे आधीच सांगता येऊ लागलं आहे.

उलट्या दिशेचं उदाहरण एचएनएफ४ए या जनुकाचं. २००७ साली १५ कुटुंबांतल्या १०८ जणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या जनुकात बिघाड असलेली बाळं ७९० ग्रॅमनी जास्त वजनाची निघाली. चार किलोंच्या वरची बाळं बिघाड असलेल्यांत ५६ टक्के होती, नसलेल्यांत १३ टक्के. ही बाळं गर्भात जास्त इन्शुलिन बनवतात, जन्मल्यावर काहींची साखर धोकादायक खाली जाते, आणि पुढे तारुण्यात याच माणसांना इन्शुलिन कमी पडून मधुमेह होतो. एकच जनुक आयुष्याच्या दोन टप्प्यांवर दोन उलट परिणाम करतं.

हे झाले दुर्मीळ बिघाड. तुमच्या-आमच्या घरातल्या बाळांच्या वजनातला फरक अशा एकेका मोठ्या धक्क्यानं ठरत नाही. तो शेकडो छोट्या, सर्रास आढळणाऱ्या जनुकीय फरकांच्या बेरजेनं ठरतो. ते फरक शोधायला मोठमोठे आंतरराष्ट्रीय गट कामाला लागले. २०१० साली ३८ हजारांहून जास्त युरोपीय लोकांच्या नोंदींतून फक्त दोन जागा सापडल्या. एक एडीसीवाय५ जनुकात, दुसरी सीसीएनएल१ जनुकाजवळ. पहिलीतल्या बदलानं दर प्रतीमागे वजन सुमारे ३० ग्रॅमनी घटतं, दुसरीतल्या बदलानं सुमारे ४०. या दोन जागांवर मिळून वजन घटवणाऱ्या चार प्रती असलेली बाळं, एक किंवा शून्य प्रत असलेल्यांपेक्षा ११३ ग्रॅमनी हलकी होती. संशोधकांनीच त्याचं मोजमाप दिलं: आईनं शेवटच्या तीन महिन्यांत रोज चार-पाच सिगरेटी ओढल्या तर साधारण इतकंच वजन कमी होतं.

पुढे जागांची यादी वाढत गेली. २०१३ मध्ये सात. २०१६ मध्ये १,५३,७८१ लोकांच्या नोंदींतून ६०. २०१९ मध्ये १९०, आणि त्यासाठी स्वतःचं जन्मवजन माहीत असलेले ३,२१,२२३ लोक आणि बाळाचं जन्मवजन सांगणाऱ्या २,३०,०६९ माता लागल्या. अभ्यासातल्या लोकांची संख्या वाढवत नेली तशा जागा सापडत गेल्या, पण नव्यानं सापडणाऱ्या बहुतेक जागांचा वाटा आधीच्यांपेक्षा लहान होता. ‘जन्मवजनाचं जनुक’ असं एखादं नाही आणि पुढेही सापडणार नाही.

२०१९ च्या अभ्यासातली कमाल आकड्यांत नाही, वाटणीत आहे. आईची निम्मी जनुकं बाळाकडे येतात. त्यामुळे एखाद्या जागेचा वजनाशी संबंध दिसला, तरी तो बाळाच्या जनुकानं थेट वाढ केल्यामुळे आहे की आईच्या जनुकानं गर्भाशयातली परिस्थिती बदलल्यामुळे, हे कळत नाही. या गटानं संख्याशास्त्रानं दोन्ही वाटे वेगळे काढले. काही जागा फक्त बाळामार्फत काम करतात, काही फक्त आईमार्फत, काही दोघांमार्फत एकाच दिशेनं, आणि काही जीसीकेसारख्या परस्परांविरुद्ध. आइसलंडच्या संशोधकांनी २०२१ साली आणखी पुढची पायरी गाठली. आईनं बाळाला दिलेली प्रत आणि न दिलेली प्रत त्यांनी वेगळी मोजली. न दिलेली प्रत बाळाच्या अंगात नसतेच. तरीही तिचा वजनाशी संबंध दिसला, तर तो आईच्या शरीरातूनच आलेला असला पाहिजे. या पद्धतीनं त्यांनी २४३ जनुकीय फरकांची चार गटांत विभागणी केली.

मग सगळा हिशेब लावला तर जनुकांचा वाटा किती? नॉर्वेत एक लाखाहून जास्त कुटुंबांच्या जन्मनोंदींवर २००७ साली उत्तर काढलं गेलं. जन्मवजनातल्या तफावतीपैकी ३१ टक्के बाळाच्या जनुकांमुळे, २२ टक्के आईच्या जनुकांमुळे. बाळ किती आठवड्यांनी जन्मतं, यात बाळाच्या जनुकांचा वाटा ११ टक्के आणि आईच्या जनुकांचा १४ टक्के. हे आकडे वाचताना एक चूक हमखास होते. ३१ टक्के म्हणजे तीन किलोंच्या बाळातले ९३० ग्रॅम जनुकांचे, असा अर्थ मुळीच नाही. नॉर्वेतल्या बाळांमध्ये आपापसांत जे कमी-जास्त आहे, त्यातला एवढा भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो, इतकाच त्याचा अर्थ. जिथे बहुतेक मातांना पुरेसं खायला आणि चांगली देखभाल मिळते, तिथे परिस्थितीतले फरक कमी असतात, म्हणून उरलेल्या तफावतीत जनुकांचा टक्का फुगलेला दिसतो. तोच टक्का उचलून मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या बाळांना लावला, तर हिशेब साफ चुकेल.

आईचं शरीर या सगळ्यावर किती मात करतं, हे १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी घोड्यांवर दाखवलं. अवाढव्य शायर जातीचे घोडे आणि चिमुकले शेटलंड यांचा कृत्रिम रेतनानं दोन्ही बाजूंनी संकर केला. दोन्हीकडच्या शिंगरांत शायरची निम्मी आणि शेटलंडची निम्मी जनुकं. पण शायर घोडीच्या पोटी जन्मलेलं शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा जवळपास तिप्पट वजनाचं निघालं. माणसांत असा प्रयोग करता येत नाही, पण बीजदानानं तो आपोआप घडतो. दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन गर्भ राहिलेल्या मातांचा अभ्यास १९९५ साली झाला. त्यांच्या बाळांचं वजन पोटात वाढवणाऱ्या स्त्रीच्या वजनाशी जुळत होतं, बीज देणारीच्या नाही. जपानमधल्या जन्मनोंदींवरून न्यूटन मॉर्टन यांनी १९५५ साली काढलेले आकडेही तेच सांगतात. आई एक आणि वडील वेगळे असलेल्या भावंडांच्या जन्मवजनात सहसंबंध ०.५८. वडील एक आणि आई वेगळी असलेल्यांत ०.१०. रक्ताचं नातं दोन्हीकडे सारखंच आहे, गर्भाशय मात्र पहिल्या जोडीलाच एक आहे.

आईची जनुकं नेमकी कोणत्या वाटेनं बाळापर्यंत पोहोचतात? ३०,४८७ स्त्रियांवरचा २०१६ चा अभ्यास याचं चांगलं उत्तर देतो. त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. स्थूल स्त्रीचं बाळ मोठं असतं, हे नुसतं पाहून कारण ठरत नाही, कारण वजनाबरोबर उत्पन्न, आहार, सवयी असं बरंच काही बदलतं. पण कोणाच्या वाट्याला कोणती जनुकीय प्रत यावी, हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरतं, तिथे घरची सांपत्तिक स्थिती ढवळाढवळ करत नाही. म्हणून ज्यांच्या जनुकांतच वजन वाढण्याचा कल जास्त आहे, त्यांच्या बाळांची तुलना कमी कल असलेल्यांशी केली. उत्तर असं आलं: जनुकांमुळे आईचा बीएमआय चार एककांनी जास्त असेल, तर बाळ ५५ ग्रॅमनी जड. उपाशीपोटीची साखर सुमारे ७ मिलिग्रॅमनी जास्त असेल, तर ११४ ग्रॅमनी जड. आणि वरचा रक्तदाब १० अंकांनी जास्त असेल, तर २०८ ग्रॅमनी हलकं.

हा शेवटचा आकडा मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत उपयोगी वाटतो. १० अंकांना २०८ ग्रॅम. रक्तदाब मोजायला जनुकीय चाचणी लागत नाही, दंडाला बांधायचा पट्टा लागतो, आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतो. गरोदर बाईचा रक्तदाब दर भेटीला नीट मोजून कार्डावर लिहिणं हे बाळाच्या वजनासाठी केलेलं मोठं काम आहे, असं जनुकशास्त्राच्या वाटेनं आलेला आकडा सांगतो.

आईच्या उंचीचं गणित जरा वेगळं निघालं. उत्तर युरोपातल्या ३,४८५ आई-बाळांच्या जोड्यांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उंच आईचं बाळ लांब आणि वजनदार असण्याचं मुख्य कारण बाळाला मिळालेली उंचीची जनुकं हे होतं. पण बाळ पोटात किती दिवस राहतं, यावर आईच्या उंचीचाच थेट परिणाम दिसला, मग ती जनुकं बाळाकडे आलेली असोत वा नसोत. उंची कमी तशी प्रसूती थोडी लवकर.

वाटे वेगळे काढण्याच्या या हिशेबानं एका गाजलेल्या सिद्धान्तालाही प्रश्न विचारला. डेव्हिड बार्कर या ब्रिटिश वैद्यानं इंग्लंडमधल्या हार्टफर्डशायर परगण्यातल्या जुन्या नोंदवह्या शोधून काढल्या. १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली परिचारिका घरोघर जाऊन बाळांचं जन्माचं आणि एक वर्षाचं वजन त्यांत लिहीत असत. अशा ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं, हे बार्कर यांनी १९८९ साली मांडलं. लहानपणी वजन सर्वांत कमी असलेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत जास्त होते. गर्भातली उपासमार शरीराला कायमची वेगळी घडवते, हा विचार तिथून रुजला. २०१९ चा अभ्यास म्हणतो की रक्तदाबापुरतं तरी कारण दुसरं दिसतं. रक्तदाब वाढवणारी आईची जनुकं एकीकडे गर्भाची वाढ कमी करतात आणि दुसरीकडे तीच जनुकं बाळाकडे जाऊन त्याचा रक्तदाब मोठेपणी वाढवतात. हलकं वजन आणि पुढचा रक्तदाब या दोघांचं मूळ एकच. मधुमेहाबाबत हॅटर्सली आणि त्यांचे सहकारी टुक यांनी १९९९ मध्येच असं सुचवलं होतं: इन्शुलिन कमी बनवणारी किंवा त्याला कमी दाद देणारी जनुकं गर्भात बाळाला लहान ठेवतात आणि मोठेपणी मधुमेह देतात. एडीसीवाय५ मधला वजन घटवणारा बदल प्रौढपणीच्या मधुमेहाचा धोकाही वाढवतो, हा त्याला मिळालेला दुजोरा. म्हणून उपासमारीचा परिणाम खोटा ठरत नाही. १९४४-४५ च्या डच दुष्काळात शेवटचे तीन महिने उपाशी राहिलेल्या मातांची बाळं सुमारे ३०० ग्रॅमनी हलकी जन्मली, आणि त्या हिवाळ्यात डच लोकांची जनुकं बदलली नव्हती.

वडिलांचा वाटा लहान आहे, पण विलक्षण आहे. काही जनुकं आईकडून आली तर गप्प राहतात आणि वडिलांकडून आली तरच बोलतात. आयजीएफ२ हे वाढीचं जनुक त्यांतलं. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास उंदरांत हे जनुक मोडलं. मोडलेली प्रत बापाकडून आली तेव्हा पिल्लं नेहमीच्या ६० टक्केच आकाराची जन्मली, आईकडून आली तेव्हा काहीच फरक पडला नाही. माणसात हे जनुक अकराव्या गुणसूत्राच्या टोकाशी असतं. तिथला हा पितृ-मातृ ठसा एका बाजूला झुकला, की बेकविथ-विडेमन विकाराचं मोठं, मोठ्या जिभेचं बाळ जन्मतं. दुसऱ्या बाजूला झुकला, की सिल्व्हर-रसेल विकाराचं लहानखुरं, अंगाच्या मानानं मोठ्या डोक्याचं बाळ.

आता पुणे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्यासोबत पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली अभ्यास सुरू केला. शेतकरी कुटुंबांतल्या या स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, गर्भ राहण्याआधीचं वजन ४२ किलो. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यात दिवसाला पोटात जाणाऱ्या कॅलरी १,७७० च्या आसपास, आणि त्यावर शेतातलं नि घरातलं काम. बाळांचं सरासरी वजन २,६६५ ग्रॅम. साउथहॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी साडेतीन किलो. फरक ८०० ग्रॅमांहून जास्त.

पण बाळाच्या अंगावर हा फरक सगळीकडे सारखा नव्हता. पुण्याच्या ६३१ आणि साउथहॅम्प्टनच्या ३३८ दिवस भरलेल्या बाळांची मापं २००३ साली ताडून पाहिली. प्रमाण विचलनाच्या, म्हणजे बाळाबाळांमधल्या नेहमीच्या चढउताराच्या, भाषेत पुण्याचं बाळ वजनात १.७४ नं मागे होतं, पोटाच्या घेरात २.३८ नं, दंडाच्या घेरात १.८२ नं, डोक्याच्या घेरात १.२१ नं, लांबीत १.०१ नं. मग खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून, कॅलिपरनं तिची जाडी मोजली. या कातडीखाली चरबी असते. तिथे पुण्याचं बाळ फक्त ०.५३ नं मागे. पोटातले अवयव आणि स्नायू सर्वांत जास्त कापले गेलेले, चरबी मात्र बरीचशी राखलेली. याज्ञिक यांनी या बाळांना दिलेलं ‘थिन-फॅट’ हे नाव जगभर रूढ झालं. हडकुळं दिसणारं, तरी चरबीत फारसं मागे नसणारं हे बाळ पुढे मधुमेहाच्या वाटेवर लवकर का जातं, या प्रश्नाची सुरुवात इथे आहे.

यावर दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. एक: ‘आपली जनुकंच तशी, आपली बाळं लहानच असायची.’ दुसरं बहुधा घरातलं माणूस बाळंतिणीला ऐकवतं: ‘हिनं नीट खाल्लं नाही.’ आकडे दोन्ही उत्तरांना पाठिंबा देत नाहीत, आणि दुसऱ्या उत्तरानं किती बायका विनाकारण अपराधी होतात याची मला खरोखर चीड येते.

पहिलं उत्तर आधी घेऊ. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक आणि पुणे, एक्सेटरसह अनेक ठिकाणच्या संशोधकांनी २०२२ साली युरोपात सापडलेले १९६ जनुकीय फरक भारत आणि बांगलादेशातल्या सात अभ्यासगटांत तपासले. प्रत्येक बाळाला या फरकांच्या बेरजेचा एक गुणांक दिला. गुणांक एका प्रमाण विचलनानं वाढला, की बाळाचं वजन सुमारे ५० ग्रॅमनी वाढलं. आईच्या गुणांकानं सुमारे ३४ ग्रॅमनी. युरोपीय बाळांतही परिणाम साधारण एवढाच. म्हणजे बाळ लहान असो वा मोठं, ही जनुकं दोन्हीकडे सारख्याच पद्धतीनं काम करतात. आपल्याकडे त्यांची यंत्रणाच वेगळी आहे, असं दिसत नाही.

दुसरा पुरावा नागपूरचा. ‘इंटरग्रोथ-२१’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात आठ देशांतली आठ शहरं होती आणि भारतातून नागपूर होतं. निरोगी, पोषण चांगलं असलेल्या, जोखीम कमी असलेल्या स्त्रियाच निवडल्या. अशा ४,६०७ जणींच्या गर्भांची मापं २०१४ साली जाहीर झाली. जन्मलेल्या बाळांच्या लांबीतल्या एकूण तफावतीपैकी शहराशहरांमधल्या फरकाचा वाटा फक्त ३.५ टक्के. गर्भातल्या डोक्याच्या घेरात तो २.६ टक्के. यावरून आपली बाळं जात्याच आखूड नसतात, असं मानायला आधार मिळतो. मात्र या तुलनेसाठी लांबी आणि डोकं ही हाडांची मापं निवडली होती, वजनाला मुख्य माप धरलं नव्हतं. आणि वजनाचा प्रश्न अधिक चिवट आहे. साउथहॅम्प्टनमध्येच २००२ साली दिसलं, की ब्रिटनमध्ये जन्मलेल्या दक्षिण आशियाई मातांच्या बाळांचं वजनही एका पिढीनंतर वाढलेलं नव्हतं.

म्हणून ‘नीट खाल्लं नाही’ या उत्तराकडेही बारकाईनं पाहायला हवं. पुण्याच्या त्याच खेड्यांत हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या मातांची बाळं मोठी आढळली होती. त्यावर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत रीतसर प्रयोग झाला. ६,५१३ स्त्रियांना गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध होतं, दुसऱ्या गटाच्या खाऊत ही पोषक द्रव्यं कमी होती. २०१४ साली निकाल आला: सरसकट पाहिलं तर वाढ २६ ग्रॅमची, संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारी. गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्यांत वाढ ४८ ग्रॅमची. सर्वांत कृश, १८.६ पेक्षा कमी बीएमआयच्या मातांत काहीच फायदा नाही, उलट २३ ग्रॅमची घट. २१.८ पेक्षा जास्त बीएमआयच्या मातांत ९६ ग्रॅमची वाढ. एक मोठा फायदा वेगळ्याच ठिकाणी दिसला: तपासणी झालेल्यांत गर्भावधीतला मधुमेह १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के.

या आकड्यांचा मी लावतो तो अर्थ असा. कृश आईला मिळालेलं जास्तीचं अन्न बाळापर्यंत पोहोचण्याआधी तिच्या शरीराची कित्येक वर्षांची तूट भरण्यात खर्ची पडत असावं. तिची उंची ती मुलगी असताना ठरली. नऊ महिन्यांच्या जेवणाला वीस वर्षांचा हिशेब चुकता करायला लावणं आणि तो चुकला म्हणून तिलाच दोष देणं, यात न्याय नाही आणि शास्त्रही नाही.

देशात १८ टक्के बाळं अडीच किलोंपेक्षा कमी वजनाची जन्मतात, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. २,४०० ग्रॅमची दोन बाळं या आकड्यात एकाच रकान्यात पडतात. त्यांतलं एक लहानखुऱ्या आईवडिलांची जनुकं घेऊन आलेलं, गर्भात आपल्या गतीनं निर्वेध वाढलेलं असू शकतं. दुसऱ्याच्या जनुकांत तीन किलोंची वाढ होती, पण वार नीट काम करत नव्हती किंवा आईचा रक्तदाब चढला होता. धोका दुसऱ्याला जास्त. वजनकाटा या दोघांना वेगळं करू शकत नाही. गरोदरपणात ठरावीक अंतरानं घेतलेली मापं काही प्रमाणात करतात. आईवडील आणि बाळ अशा तिघांच्या जनुकांची माहिती हे काम पुढे अधिक नेमकं करू शकेल, पण आज सापडलेल्या सगळ्या जागांची बेरीज एका बाळाचं वजन सांगण्याइतकी पक्की नाही. ती मोठ्या समूहातलं कारण शोधायला उपयोगी आहे.

अशा शोधासाठी पुण्याच्या त्या सहा खेड्यांतली नोंदणी आता फार मोलाची ठरली आहे. १९९४ ते ९६ मध्ये जन्मलेली ती बाळं मोठी झाली, २०१२ पासून त्यांच्यातल्या शेकडो मुलामुलींना किशोरवयातच ब-१२ जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि त्यांना झालेल्या बाळांचीही मापं घेतली गेली. आजी, आई आणि नातवंड अशा तीन पिढ्यांची मापं एकाच अभ्यासात. आजीनं आईला दिलेली आणि न दिलेली प्रत, आईनं बाळाला दिलेली आणि न दिलेली प्रत, आणि या दोन पिढ्यांत बदललेला आहार, उंची, साखर हे सगळं एकाच कुटुंबात शेजारी ठेवून पाहण्याची सोय जगात फार थोड्या ठिकाणी आहे.